बर्फावरची वळलेली रेघ

"मॅडम, पुन्हा ई." फिगर स्केटिंगच्या स्पर्धेची गुणपत्रिका माझ्या हातात देऊन माझी शिष्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकली. ट्रिपल लुट्झ, म्हणजे तीन गिरक्यांच्या लुट्झ उडीपुढे छोटासा ‘ई’, म्हणजे चुकीची कड. मोसमातली तिसरी स्पर्धा आणि तिसरा ‘ई’.

लुट्झ ही उडीच मुळात आडमुठी. डाव्या ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर उलटं घसरत जायचं. वळण चाललेलं असतं एका बाजूला, आणि उजवा टो-पिक, म्हणजे ब्लेडच्या टोकाचे दाते, रोवून गिरकी घ्यायची नेमकी दुसऱ्या बाजूला. अंगाला ते पटत नाही. ऐन वेळी घोटा आत कलतो, कड बदलते आणि लुट्झची फ्लिप, म्हणजे आतल्या कडेवरून घ्यायची उडी, होऊन बसते. ट्रिपल लुट्झचे मूळ गुण 5.90, फ्लिपचे 5.30. ‘ई’ लागला की लुट्झचे मूळ गुणही कापले जातात. आमच्यात या प्रकाराला गमतीने ‘फ्लट्झ’ म्हणतात. जिच्या वाट्याला येतो तिला गंमत वाटत नाही, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ गुळगुळीत करणारं मशीन नुकतंच फिरून गेलेलं, बर्फ कोरा. तिला एकच उडी मारायला लावली आणि दोघी गुडघ्यांवर बसून रेघ बघू लागलो. लांबलचक वळण छान होतं. टो-पिकच्या खड्ड्याच्या वीतभर आधी मात्र रेघ शेपटीसारखी उलटी फिरली होती.

"हे बघ, इथे जातेय. थांब, करून दाखवते."

आता माझ्याच्याने सिंगलच होते. ती मारली, वळून आले, तर ही माझ्या रेघेपाशी उकिडवी बसलेली. गप्प.

"काय गं?"

"मॅडम... तुमचीपण तशीच आहे."

वाकून पाहिलं. तीच शेपटी, तेवढीच.

माझी सगळी कारकीर्द 6.0 च्या, म्हणजे सहापैकी गुण देण्याच्या जुन्या पद्धतीच्या जमान्यातली. कडेसाठी वेगळी खूण नव्हती, जजच्या तांत्रिक गुणांच्या एका आकड्यात सगळं मिसळून जायचं. 2004 मध्ये नवी पद्धत आली, रिप्ले बघून एकेक उडी तपासणारं पॅनेल आलं, तोवर मी बूट टांगले होते. त्याच लुट्झवर मी पदकं घेतली. प्रशिक्षक झाल्यावर तीच ‘बघ, अशी’ म्हणत दाखवत राहिले. वर या पोरीला तीन वर्षं ऐकवत होते, घोटे कच्चे आहेत तुझे, व्यायाम कर. हिच्या आधीच्या दोघींनाही हेच ऐकवलं होतं. त्यांचेही लुट्झ असेच होते.

त्या दिवशी उड्या बंद. नुसतं बाहेरच्या कडेवर उलटं घसरायचं, टो-पिक टेकवायचा, थांबायचं, मागे येऊन रेघ बघायची.

"तुम्हीपण करा ना," ती म्हणाली.

ती रिंकच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. तासाभराने तिच्या बहुतेक रेघा खड्ड्यापर्यंत नीट पोचत होत्या. माझ्या सतरांपैकी दोन. तिनेच मोजल्या.