आमची वाटचाल

संगणकाच्या साउंडकार्डची खरखर ऐकून लोक वैतागायचे, तेव्हापासून आम्ही बाहेरून जोडायचे डॅक बनवतो, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी यंत्रं. मधली वर्षं बरी गेली. लिहायचंय ते 2020 बद्दल.

त्या ऑक्टोबरात जपानमध्ये नोबेओकाच्या चिप कारखान्याला आग लागली. आमचं अख्खं डिझाइन तिथल्याच चिपवर बेतलेलं. बाजारातून माल गायब, आणि दलाल म्हणतील तो भाव. एकाने पाठवलेल्या चिपांवर ॲसिटोनचा बोळा फिरवला, तर वरचा नंबर निघून आला आणि खाली दुसराच. ते पैसे अजून परत आलेले नाहीत. ‘दुसरी चिप बसवा की’ म्हणणारे पुष्कळ भेटले. अहो, जुनी चिप व्होल्टेज द्यायची, मिळत होती ती करंट देणारी! म्हणजे पुढची, करंटचं व्होल्टेज करणारी ऑप-अँपची आय-व्ही स्टेज नवी, फिल्टर नवा, थोडक्यात बोर्डच नवा.

नेमकं तेव्हाच आमच्याकडे शिकून गेलेल्या एकाने स्वतःचा डॅक आणला. पेटीवर ठळक ‘32 बिट, 768 किलोहर्ट्झ’. उघडून पाहिला, तर चिपला वेळेचा ठोका देणारा क्रिस्टल एकच, 24.576 मेगाहर्ट्झचा. त्यातून 48 किलोहर्ट्झच्या पटीतले रेट सरळ निघतात, 44.1 किलोहर्ट्झची फाइल लागली की सगळी भिस्त पीएलएलवर, म्हणजे एका ठोक्यातून दुसरा बनवणाऱ्या सर्किटवर. आम्ही 44.1 साठी 22.5792 मेगाहर्ट्झचा वेगळा क्रिस्टल लावतो, चिपला अगदी खेटून. यूएसबीही असिंक्रोनस, म्हणजे सॅम्पल (आवाजाचं एकेक मोजमाप) कधी सोडायचं ते संगणक नाही, आमचा क्लॉक ठरवतो. सीडीच्या गाण्यात सेकंदाला 44,100 सॅम्पल, प्रत्येकाला 65,536 पायऱ्या. आकडा अचूक असून वेळ हुकली तरी वेव्ह वाकडी होते. पण लोक पेटीवरचा आकडा बघून घेतात.

तगलो ते एका स्टुडिओवाल्या बाईंमुळे. “बोर्ड होईल तेव्हा द्या, पैसे आज घ्या,” म्हणाल्या. त्यांच्याकडे आमचा सुरुवातीचा आर-टूआर लॅडरचा, म्हणजे रेझिस्टरांच्या शिडीचा डॅक अजून चालू आहे. त्याचे रेझिस्टर आम्ही एकेक मोजून जुळवले होते, तेही चिमट्याने धरून, कारण बोटाची ऊब लागली की मीटरवरचा शेवटचा आकडा सरकतो. सगळ्यांत मोठ्या बिटाचा रेझिस्टर जरा चुकला, तर शून्याजवळचा बारीक आवाजच आधी खरबरीत होतो. बाईंना तो फरक ऐकू येतो.

आणि हो, डॅक कुणाचाही घ्या, पण आधी सिस्टिमचा सॅम्पल रेट तपासा. 44.1 ची गाणी 48 वर वाजत असतील, तर रेटचं रूपांतर डॅकच्या आधी संगणकातच होतंय. 16 बिटवर असाल तर सिस्टिमचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून ॲम्प्लिफायरवर कमी करा. डिजिटलमध्ये 6 डेसिबल उतरवले की एक बिट गेला. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.