डस्ट कलेक्टरचं सक्शन उतरलंय? आधी पाण्याची नळी बघा

सामायिक सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये डस्ट कलेक्टर (भुसा आणि धूळ ओढून घेणारं मशीन) सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नसतो. सक्शन हळूहळू उतरतं आणि तोवर सगळ्यांना त्याची सवय झालेली असते. मग कुणीतरी 'फिल्टर झटका' म्हणतो. बऱ्याचदा दोष फिल्टरचा नसतोच.

दोन-तीन एचपीच्या पिशवीवाल्या मशीनला (वर फिल्टर, खाली भुशाची पिशवी) हवेचा दाब मोजायचा मीटर घरीच करता येतो. दीड मीटर पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बसवा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक फिल्टरखालच्या पत्र्याच्या कड्यात भोक पाडून घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. फिल्टर स्वच्छ असताना फक्त प्लेनरचं (रंधा मशीनचं) ब्लास्ट गेट, म्हणजे पाइपावरची सरकती झडप, उघडा आणि पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक मार्करने फळीवर लिहा. पुढचं प्रत्येक रीडिंग त्याच गेटवर घ्यायचं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

फरक दुप्पट झाला तर फिल्टर चोंदलाय. मशीन बंद करून धूळ बसू द्या, एन-९५ मास्क लावून वरची फिल्टरची पिशवी बाहेरून हलवा, मगच खालची पिशवी बदला. पिशवीऐवजी प्लीट (घड्या) असलेलं कार्ट्रिज फिल्टर असेल तर त्याला हवा बाहेरून आत मारायची, दाब कमी, नोझल वीतभर लांब. जवळून मारली की कागद फाटतो आणि बारीक धूळ थेट खोलीत येते. कापडी पिशवी मात्र सारखी धुऊ नका. आतला धुळीचा पातळ थरच बारीक कण अडवतो.

फरक नेहमीपेक्षा कमी दिसला तर फिल्टरला हात लावू नका. हवाच तिथवर पोचत नाहीये. प्लग काढा आणि इनलेटचा पाइप सोडा. तोंडाशी फुलीच्या आकाराची जाळी असते. प्लेनरच्या लांब ढलप्या तिच्यावर आडव्या अडकतात आणि मागून आलेला भुसा त्यांवर घट्ट बसतो. फरक कमी नसूनही सक्शन कमी वाटलं तर ब्लास्ट गेटच्या खाचेचे कोपरे कोरा. भुसा दबून गेट पूर्ण मिटत नाही आणि हवा न चालणाऱ्या मशीनमधून चोरली जाते. चार इंची पाइपात भुसा तरंगत राहायला साधारण ३५० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. दोन एचपीच्या मशीनवर तीन गेट उघडी ठेवणाऱ्याला हे सांगून उपयोग होत नाही, फळीवर लिहून ठेवा.

लवचीक होज गरजेपुरताच ठेवा, त्याच्या आतल्या वळ्या हवेला फार अडवतात.

थ्री-फेज मशीनला आणखी एक भानगड आहे. मेन स्विचजवळ काम झाल्यावर दोन फेज अदलाबदल झाले तर पंखा उलटा फिरतो. उलट्या पंख्यानेही हवा ओढली जाते, फक्त खूप कमी, म्हणून संशय येत नाही. मोटर थांबताना पंख्याची दिशा केसिंगवरच्या बाणाशी ताडून बघा.

खालची पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. त्यापुढे ढलप्या उसळून फिल्टरमध्ये जातात. त्याच पिशवीत जवसाच्या तेलाचं फडकं टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. खिळा असलेलं लाकूड कापल्यावर ठिणगी गेली असेल तर पिशवी रात्रभर आत ठेवायची नाही.