बाजू ब

दिवाळी उरकली, कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या घरासमोरून रात्री-अपरात्री उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मागे दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस कडेच्या बाभळींना घासत चाललेला आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे दोन थोरले साउंड बॉक्स. ट्रॅक्टर दिसायच्या बऱ्याच आधी बेस पोचतो. फडताळातल्या बरण्या एकमेकींना टेकून किणकिणायला लागतात. बायको म्हणते, "आला बघा मेला." मी "काय हा ताप" असं पुरेशा मोठ्यानं म्हणतो, चप्पल शोधतो, गच्चीवर जातो आणि गाणं लांब विरेपर्यंत खाली येत नाही.

गाणं ठरलेल्या जातीचं. नव्वदच्या दशकातलं, प्रेमभंगाचं, नाकातून गायलेलं आणि वर झंकार. झंकार म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं, तो त्या काळात वडापनं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या शेअर जीपनं, कधी फिरलेला नाही. सिनेमातलं मूळ गाणं घ्यायचं, त्यावर ऑक्टोपॅडचा निराळाच ठेका चढवायचा, डाव्या स्पीकरमधून टिंग, उजव्यातून टाँग, की झाली झंकार बीट्सची कॅसेट तयार. सागवानी दारावर निळा ऑइलपेंट मारावा तसा प्रकार. जाणकार माणूस उठून जाईल. माझी पंचाईत अशी, की तेच गाणं झंकारशिवाय लागलं तर मला ते आमटीत मीठ राहून गेल्यासारखं लागतं.

एवढं कबूल केलंच आहे तर घराणंही सांगून टाकतो. माझे वडील, अण्णा, तासगावला हायस्कुलात मास्तर होते आणि कानानं पक्के किराणा घराण्याचे. स्वतः गायले नाहीत. तंबोरा जुळवून त्याच्यासमोर डोळे मिटून बसणं एवढाच त्यांचा रियाज. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. ते गेले १९३७ साली, म्हणजे अण्णांच्या जन्माआधी. तरी अण्णा त्यांच्याबद्दल थोरल्या काकांबद्दल बोलावं तसं बोलतात. "खाँसाहेब असं ओढून-ताणून गात नसत." दर्ग्यातल्या सभेला दरवर्षी जायचे, रात्रभर बसायचे, पहाटेच्या पहिल्या गाडीनं तासगावला परत आणि आंघोळ करून थेट शाळेत. घरात लताबाईंना पूर्ण माफी होती, एक तर त्या लताबाई आणि वर त्यांचं लहानपण सांगलीतलं. नाट्यसंगीताला अर्धी माफी. बाकी सगळं "ते". "ते बंद कर." "ते कुणी लावलंय?"

उसाच्या ट्रॅक्टरवर मात्र अण्णांनी आजवर एकच शेरा मारलाय. ट्रॅक्टर घरासमोरून पुढे गेला की गाण्याचा सूर किंचित खाली येतो. आवाज करणारी वस्तू जवळ येताना वेगळी ऐकू येते आणि लांब जाताना वेगळी, रेल्वेच्या शिट्टीचं होतं तसंच. पलंगावर पडल्या पडल्या अण्णा म्हणाले, "गेला. सा उतरला बघ." गाणं चांगलं की वाईट, काही नाही. फक्त सा.

मी बिघडलो तो सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकायला असताना. खिशात एसटीचा पास असूनही मी वडापनं जायचो, ते निव्वळ गाण्यांसाठी. नऊ जणांच्या ट्रॅक्समध्ये सोळा, मागच्या फळीवर क्लीनर लोंबकळलेला, कुणाच्या मांडीवर द्राक्षाची पेटी, कुणाच्या मांडीवर दुसऱ्याचं पोर, आणि डॅशबोर्डवर लाल-हिरवे दिवे नाचवणारा टेप. कुमठे फाट्याला ज्या माणसाला फसवून प्रेयसी दुसऱ्याच्या मांडवात गेली, तो कवलापूरपर्यंत तिला दुवा देत असायचा, माधवनगरला शाप. मला तेव्हा ना प्रेयसी होती, ना तिनं दगा दिलेला. पण त्या गर्दीत एका पायावर वाकून उभं राहिलेल्या माणसाला कुणीतरी आपल्या वतीनं रडत असेल तर फार बरं वाटतं.

पुढची गंमत मला खूप उशिरा कळली. त्यातली कितीतरी गाणी मूळ गायकांची नव्हतीच. त्या काळी स्वस्त कॅसेटवाल्यांनी कॉपीराइट कायद्यातली वाट शोधून जुनी गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेतली होती, आणि कव्हरवर कोपऱ्यात बारीक अक्षरात खऱ्या गायकाचं नाव. बारीक अक्षर वडापमध्ये कोण वाचतो? कुमार सानूसुद्धा सुरुवातीला किशोरकुमारची गाणी अशीच गायचा; पुढं त्यानंच १९९१ ते १९९५ ओळीनं पाच वर्षं फिल्मफेअर नेलं. कॉलेजात एकदा मित्राकडे मूळ किशोरकुमार ऐकला आणि मी म्हणालो, "हा कोण रे नक्कल करतोय?" खोली एकदम गप्प झाली. तो मित्र अजून लग्नकार्यात भेटला की हे चारचौघांत सांगतो.

आता गुन्हा. अण्णांकडे दीडशेच्या वर कॅसेट होत्या. बहुतेक शनिवारी रात्रीच्या आकाशवाणीच्या अखिल भारतीय संगीत कार्यक्रमातून भरलेल्या, सांगली केंद्रावरून ऐकून. प्रत्येकीच्या कार्डावर हिरव्या शाईत तारीख, राग, साथीदार, आणि खाली तांबड्या शाईत 'पुसू नये'. नुसतं लिहून त्यांचं भागत नसे. कॅसेटच्या माथ्यावर दोन टोकांना प्लास्टिकचे दोन दात असतात. ते मोडले की त्यावर परत रेकॉर्डिंग होत नाही. अण्णा पेनच्या टोपणानं कट्ट करून ते मोडायचे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

वडापवाल्या ड्रायव्हरमामांनी एका शनिवारी मला त्यांची कॅसेट दिली, "सोमवारी सकाळी पायजे, न्हाईतर गिऱ्हाईक मला फाडून खाईल" असं बजावून. मित्राकडे एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवणारा डबल डेक होता. कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. मी अण्णांच्या रांगेतली मागची, धूळ जास्त असलेली एक उचलली. मोडलेल्या दाताच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की टेप फसतो, हे तेव्हा आमच्यात प्रत्येक पोराला ठाऊक होतं. एकाच खाचेवर लावली. बाजू अ ला हात लावला नाही. चोरालाही काही रीत असते. बाजू ब वर दुर्गा होता आणि शेवटी भैरवीतली ठुमरी. त्यावर मी एकेचाळीस मिनिटं झंकार चढवला, महिनाभर उशीखाली ठेवून ऐकला आणि कॅसेट गुपचूप जागेवर नेऊन ठेवली.

कधीतरी शांतपणे विचार केल्यावर लक्षात येतं, की मला लाज गाण्याची वाटत नव्हती. सूर-ताल मला थोडेफार कळतात. त्या गाण्यांच्या चाली काही टाकाऊ नव्हत्या. लाज होती ती बरोबर बसून ऐकणाऱ्यांची. ही गाणी वडापमधली, न्हाव्याच्या दुकानातली, बारमधली, ट्रॅक्टरवरची. मास्तरांचा मुलगा त्यांच्यात धरला गेला असता. कबूल करायला बरं वाटत नाही, पण असंच आहे. तेच गाणं उद्या एखाद्या सतारियानं संथ लयीत वाजवलं तर मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावीन, हेही खरं.

आणि हा नाकाला पदर लावण्याचा प्रकार काही आमच्याच घरातला नव्हे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. लोकांनी शांतपणे रेडिओचा काटा सिलोनवर नेला. त्याच साली तिथं सिनेमाच्या गाण्यांची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ देशभर ठरून गेली. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. शनिवारचा तो शास्त्रीय संगीताचा कार्यक्रमही केसकरांच्याच कारकिर्दीतला, १९५२ चाच. म्हणजे मी केसकरांच्या कार्यक्रमावर झंकार चढवला होता. त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी मला सिलोनला पाठवलं असतं. पेटीची तर आणखी मजा. १९४० ते १९७१ एवढी वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. अण्णा हे फार चवीनं सांगतात, कारण त्यांचे थोरले बंधू पेटी वाजवायचे.

नाटकवाले या बाबतीत भले मोकळे. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' इथंच झालं, आणि 'शारदा' लिहिणारे देवल आमच्या शेजारच्या हरिपूरचे. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं तर पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून सरळ छापलेलं असतं: अमक्या लावणीची, तमक्या कानडी पदाची. उचलली तर उचलली, लपवायचं काय? माझ्या उशीखालच्या कॅसेटवर मी 'इंग्रजी कविता, पाठांतर' असं लिहिलं होतं.

हल्ली लपवायची सोय फोनमध्येच असते. गाण्याच्या ॲपमध्ये गुपचूप ऐकायचं बटण आहे, ते दाबलं की कुणाला काही दिसत नाही. मी ते दाबायला विसरलो आणि डिसेंबरात ॲपनं माझा वर्षभराचा हिशेब रंगीत चित्रांसकट मांडला. नेमका मुलीच्या हातात फोन. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, "बाबा, काय व्हाइब आहे! मैत्रिणींना पाठवते." जी गाणी मी तीस वर्षं तोंड लपवून ऐकली, त्यांवर हिच्या मैत्रिणी रील करतात. लाज परवडली असती. फॅशनमध्ये येणं जास्त लागलं.

गेल्या वर्षी अण्णांच्या तंबोऱ्याची जवारी बसली. तारा नुसत्या टणटण करायला लागल्या, गुंजनच नाही. अण्णांना आता प्रवास होत नाही, म्हणून मी एकटाच मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकान होतं तसंच: छताला टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा, लाखेचा वास. आणि चाचांच्या शेजारी, कानशीच्या डब्याला टेकून ठेवलेल्या मोबाइलवर, माझंच गाणं. झंकारसकट.

मी काहीच बोललो नाही. चाचा गाण्याबरोबर मान हलवत तारा सैल करत होते. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढली, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून तिचा माथा पाहिला, आणि मग हात लांब करून मोबाइल थांबवला. कानशीचा एक हात फिरवायचा, घोडी बसवायची, तार छेडायची, ऐकायचं. परत काढायची. परत एक हात, पहिल्यापेक्षा हलका. तारेखाली सुताचा धागा सारायचा, केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी धागा आला आणि तार एकदम उघडली. एकाच तारेतून चार-पाच जणी एकदम बोलायला लागल्यासारख्या. खर्जाच्या पितळी तारेला जास्त वेळ लागला. तासभर दुकानात दुसरा आवाज नाही.

चौथी तार लागली. चाचांनी चारही छेडल्या, मला ऐकवल्या, तंबोरा भिंतीला टेकवला आणि मोबाइल जिथं थांबवला होता तिथूनच पुढं सुरू केला. "हे असलं ऐकता?" मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज हुबेहूब अण्णांसारखा आला. चाचांना प्रश्न कळलाच नाही. "आवाज जास्त झाला का सर? कमी करतो."

तंबोरा घरी आला, अण्णा खूश झाले, आणि त्या भरात जुन्या कॅसेट कंप्युटरवर उतरवून घ्यायचं ठरलं. रोज दोन-दोन करत मी रांगेच्या मागच्या टोकाला पोचलो. चिकटपट्टी अजून खाचेवर होती, पिवळी पडलेली. कार्ड काढलं. बाजू अ खाली सगळं जसंच्या तसं. बाजू ब खालच्या 'दुर्गा, भैरवी' वर पट्टीनं मारलेली एक सरळ रेघ, आणि पुढं हिरव्या शाईत, मास्तरांच्या अक्षरात: 'सिनेमा'. तारीख पंचाण्णव सालची. म्हणजे माझ्या गुन्ह्यानंतर दोन महिन्यांत त्यांनी कॅसेट लावून पाहिली होती आणि नोंद दुरुस्त केली होती. खालचं तांबड्या शाईतलं 'पुसू नये' तेवढं तसंच होतं. त्यावर रेघ नव्हती.

मी बाजू ब लावली. एकेचाळीस मिनिटं टिंग-टाँग, मग खट्ट असा आवाज, आणि मधूनच उचललेली भैरवी, टाळ्यांसकट शेवटची चार मिनिटं. अण्णा आत पडले होते. कानातलं मशीन त्यांनी काढून ठेवलं असेल म्हणून मी आवाज कमी केला नव्हता. टाळ्या संपल्यावर आतून त्यांचा आवाज आला.

"पट्टी उतरलीय सगळ्याची. डेकचा बेल्ट बघून घे आणि परत उतरव. दोन्ही बाजू."