टाकीवरचा चरा: भांडण रंगाचं, पुरावा तारखेचा

सोमवार

पाडवा जवळ आला की शोरूमच्या आवारात नव्या मोटारसायकली एकमेकींना खेटून उभ्या राहतात. एकीच्या ब्रेक लिव्हरचं टोक दुसरीच्या पेट्रोलच्या टाकीला लागतं, हाराची तार टाकीवर घासते आणि मुहूर्त साधायच्या घाईत हे कोणी पाहत नाही. त्या चऱ्याचं भांडण मग महिनोन्महिने चालतं. चरा किती खोल यावर ते क्वचितच अडतं. तो गाडी ताब्यात यायच्या आधी पडला की नंतर, यावर अडतं. म्हणून सगळा जोर एवढं उत्तर कागदावर आणण्यात लावायचा.

नव्या गाडीत हे काम नोंदणीच्या आधीच करावं लागतं. विमा उतरला, कर भरला, नंबर पडला की त्या चेसिस नंबराची गाडी कागदोपत्री तुमची होते. मग ‘दुसरी द्या’ म्हटलं तर डीलर हातच वर करतो. उरलेले पैसे भरण्याआधी चेसिस नंबर मागायचा आणि नेमकी तीच गाडी शोरूमच्या दिव्यांखालून बाहेर काढून उन्हात पाहायची. बऱ्याच गाड्यांवर डिलिव्हरीआधी सिलिकॉनचं चकाकीचं पॉलिश मारलेलं असतं. त्याखाली बारीक चरे दडतात, त्यामुळे गाडी धुऊन, कोरडी करून दाखवायला सांगणं हा आगाऊपणा नव्हे. मोबाईलचा टॉर्च पृष्ठभागाला तिरपा धरला की सरळ उजेडात न दिसणारंही दिसतं.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. ट्रकमध्ये गाडी ज्या पट्ट्यांनी बांधतात त्यांचे घासे पुढच्या मडगार्डच्या कडेला आणि मागच्या पकडदांड्यापाशी असतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल किंवा स्विचचा डबा टाकीला लागतो का ते पाहावं. पेट्रोलच्या झाकणाभोवतीची कड, सीटखाली जाणारी टाकीची मागची बाजू आणि साइड पॅनेलचे खाचेत बसणारे कान, जे जबरदस्तीने काढताना तडकतात, हेही तपासावं. सापडलेला प्रत्येक दोष पीडीआयच्या, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीच्या तक्त्यावर लिहून डीलरची सही-शिक्का घ्यायचा. व्हिडिओ चेसिस नंबरापासून सुरू करून न थांबवता चऱ्यापर्यंत न्यायचा. सुटे फोटो असले की ‘ही ती गाडीच नव्हे’ म्हणायला जागा राहते.

‘आत्ता घेऊन जा, पहिल्या सर्व्हिसिंगला करून देऊ’ या तोंडी शब्दावर गाडी नेऊ नये. मुहूर्त मोडायचा नसेल तर डिलिव्हरीच्या पावतीवरच ‘टाकीच्या उजव्या बाजूला सुमारे चार सेंटिमीटरचा चरा, टाकी बदलून देण्याचे मान्य’ असं लिहून घ्यावं. नुसतं ‘रंगाचं काम बाकी’ लिहिलेलं असेल तर त्यातून फक्त टचअप निघतो.

बुधवार

‘फॅक्टरीसारखा करून देतो’ हे वाक्य पारखायचं तर रंगाचे थर माहीत हवेत. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग प्रायमर, मग रंग आणि वर पारदर्शक लॅकर. सगळे मिळून साधारण ८० ते १२० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), त्यात लॅकर ३५ ते ५०. चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण लॅकरमध्येच असतं.

चऱ्यावर पाण्याचं बोट फिरवून ओला असताना तो दिसेनासा होत असेल, तर तो लॅकरमध्येच आहे आणि पॉलिशने जाऊ शकतो. नख अडकत असेल तर पॉलिशचा विषय संपला. तळाला पांढरट किंवा राखाडी दिसलं तर तो प्रायमर, चकचकीत धातू दिसला तर पत्रा उघडा पडलेला. पत्रा उघडा असेल तर पावसाळ्याच्या आत निर्णय हवा, कारण गंज रंगाखालून पसरतो आणि काही महिन्यांनी कडेला फुगवटा येतो. तेव्हा ‘तुम्ही काळजी घेतली नाही’ हे उत्तर तयार असतं.

पॉलिशलाही मर्यादा आहे. प्रत्येक कडक पॉलिश लॅकरचे काही मायक्रॉन खाऊन जातं आणि टाकीच्या कडांवर थर मुळात पातळ असल्याने तिथे मशीन फिरवलं तर रंगच उघडा पडतो. लोकरी पॅडने घाईत फिरवलेल्या मशीनची गोल वलयं सावलीत दिसत नाहीत, उन्हात लगेच दिसतात. मॅट रंगाला तर पॉलिश चालतच नाही, घासलं की तिथे चकाकता डाग पडतो आणि तो परत जात नाही. मॅट टाकीवरच्या चऱ्याला टाकी बदलणं हाच उपाय आहे. डीलर त्यावर बफिंग सुचवत असेल तर तिथेच थांबवावं.

टाकी पुन्हा रंगवण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण भट्टीत आहे. कारखान्यात रिकामी, रबर-प्लास्टिक नसलेली टाकी १३० ते १५० अंशांना भाजली जाते. बाहेरच्या पेंटरकडे हार्डनर घातलेला रंग फार तर ६० अंशांवर वाळवतात. घाईत वाळवलेला लॅकर झाकणापाशी पेट्रोल सांडलं की मऊ पडतो, सुरकुततो. पोचा असेल आणि त्यात पुट्टी भरली असेल तर इंजिनाची थरथर आणि उष्णता यांनी ती पुढे तडकते. धातूच्या चुऱ्याचा मेटॅलिक रंग तर स्प्रेगनचा दाब आणि अंतर बदललं तरी वेगळा दिसतो. ट्यूबलाइटखाली जुळलेली टाकी आणि साइड पॅनेल दुपारच्या उन्हात दोन गाड्यांची वाटतात. प्लास्टिकचं पॅनेल कारखान्यातही कमी तापमानालाच भाजतात, त्यामुळे चांगल्या पेंटरने रंगवलेलं पॅनेल टिकतं. तिथे तडजोड करायला हरकत नाही.

नवी म्हणून दिलेली टाकी आधीच रंगवलेली आहे असा संशय आला तर जाडी मोजायचं मीटर कामाला येतं. चुंबकीय मीटर लोखंडी टाकीवर चालतं, प्लास्टिकवर नाही. मात्र एका आकड्यावर निकाल देऊ नये. स्टिकर लॅकरखाली असलेल्या टाकीवर थर मुळातच जाड असतो. डाव्या-उजव्या बाजूच्या त्याच जागा मोजाव्यात, शक्य असेल तर शेजारच्या तशाच गाडीवरही. एका बाजूला ११० आणि दुसरीकडे २५० निघाले तर काम झालेलं आहे. मीटर नसेल तर झाकणाच्या कड्यावर आणि रबरांवर उडालेले रंगाचे बारीक कण, सीटखाली टेपची तुटक रेघ आणि रंगात अडकलेली धूळ शोधावी.

शुक्रवार

सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीचं गणित वेगळं. कंपनीच्या वॉरंटीत बाहेरच्या कारणाने झालेलं रंगाचं नुकसान सहसा बसत नाही आणि सर्व्हिस अॅडव्हायजर तेच पान उघडून दाखवतो. त्या पानावर वाद घालूच नये. इथे प्रश्न वॉरंटीचा नाही, तुमची वस्तू त्यांच्या ताब्यात असताना बिघडली हा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे ताब्यात घेतलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावी लागते. गाडी घेताना वर्कशॉप भरतं त्या कागदावर, म्हणजे जॉबकार्डावर, ‘वाहन मालकाच्या जोखमीवर’ छापलेलं असतं, त्याने दबून जाऊ नये. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेलच्या पार्किंगमधून चोरीला गेलेल्या गाडीबद्दल सांगितलं, की आपला निष्काळजीपणा नव्हता हे आधी ताबा घेणाऱ्याने दाखवावं, त्याआधी अशा छापील ओळीआड लपता येणार नाही.

जॉबकार्डावर गाडीचं रेखाचित्र असतं. गाडी देताना जुने चरे त्यावर स्वतः खुणावून घ्यावेत आणि बाकी जागा ‘निर्दोष’ असं लिहून घ्यावं. रिकामं रेखाचित्र नंतर दोन्ही बाजूंनी वाचता येतं.

डागाची जागा बरंच सांगते. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल रंगाला विरघळवतं. पुढच्या ब्रेकचं मास्टर सिलिंडर, म्हणजे हे ऑइल भरतात ती हँडलवरची डबी, उजव्या हाताला असतं. ब्रेक ऑइल बदललं आणि टाकीच्या उजव्या पुढच्या भागावर ओघळासारखा निस्तेज किंवा सुरकुतलेला पट्टा आला, तर बिलावरची ब्रेक ऑइलची ओळ हाच तुमचा साक्षीदार. असं ऑइल सांडलं की नुसतं पुसून भागत नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवावं लागतं. टाकीच्या खालच्या कडेचा टवका एअर फिल्टर किंवा प्लगसाठी टाकी काढून फरशीवर ठेवल्याचा असू शकतो. स्टिकरची कड उचललेली असेल तर प्रेशर वॉशरचं तोंड फार जवळ धरलेलं. सीटपाशी टाकीच्या मागच्या बाजूचे बारीक उभे चरे बेल्टच्या बकलाचे असतात, आणि इथे मात्र ‘तुमच्याच बेल्टचे’ असं उत्तर येणार. ते खोडायला त्याच दिवशी काढलेला फोटोच लागतो.

गाडी घेताना दिसलं तर आवारातून बाहेर पडण्याआधी लिहून द्यावं. एकदा फाटक ओलांडलं की ‘बाहेर झालं असेल’ सुरू होतं. वर्कशॉपमध्ये कॅमेरे असतात आणि फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं. त्यामुळे अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा, अशी ओळ पहिल्याच ईमेलमध्ये हवी.

रविवार

मागणी एकच आणि मोजता येईल अशी असावी. ‘योग्य ती कारवाई करावी’ लिहिलं तर उत्तर म्हणून पॉलिशचं कूपन येतं. मजकूर असा पुरतो:

‘महोदय, दि. … रोजी जॉबकार्ड क्र. … अन्वये वाहन आपल्या ताब्यात दिले. त्या वेळी टाकी निर्दोष होती (फोटो सोबत). दि. … रोजी परत घेताना उजव्या बाजूस ब्रेक ऑइलचा डाग आढळला व तो आपल्या प्रतिनिधीस जागीच दाखवला. १५ दिवसांच्या आत त्याच रंगाची नवी टाकी कोणतेही शुल्क न घेता बसवून द्यावी.’

ईमेल डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागालाही, तोच मजकूर स्पीड पोस्टने. कंपनी म्हणेल की डीलर स्वतंत्र व्यापारी आहे. म्हणूनच पुढे तक्रार झाली तर दोघांनाही पक्ष करतात.

‘तुमच्या विम्यातून करून टाकू’ हा प्रस्ताव मदतीसारखा वाटतो, पण तो नाकारावा. वर्षभर दावा नसेल तर मिळणारा २० टक्क्यांचा नो क्लेम बोनस तुमचा जातो, शिवाय न झालेल्या अपघाताची माहिती तुमच्या सहीने जाते.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या कार्यालयात पोचते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही भरता येते. फोटो-व्हिडिओंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडलं की त्यावरचा आक्षेप आधीच बंद होतो. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. गाडीवर डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांना ‘हा व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहक नाही’ असं ऐकवतात. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी कायद्याने ग्राहकाचीच धरली जाते.

प्रत्येक गोष्ट तिथवर नेऊ नये हेही खरं. सुकं फडकं फिरवल्याने पडलेली बारीक चऱ्यांची जाळी असेल तर एक नीट हातपॉलिश आणि लेखी दिलगिरी पुरे. टाकीवर पत्रा दिसत असेल तर मात्र मागे हटू नये.

टाकी बदलून मिळाली की ‘पूर्ण समाधान’ या ओळीवर सही करण्याआधी गाडी उन्हात न्यावी. जुनंच झाकण बसवलंय ना, म्हणजे सगळीकडे एकच किल्ली चालते, ते बघावं. त्याच रंगाची टाकी नाही म्हणून दुसऱ्या रंगाची देत असतील तर घेऊ नये, आरसीवर रंगाची नोंद असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीच्या तळाला पेट्रोल पंपाचं रबरी सील असतं. टाकी बदलताना ते नवंच घालायला लावावं, टाकी भरून गाडी अर्धा तास उभी ठेवावी आणि खाली हात लावून कोरडं आहे का बघावं. मगच सही.