ग्रॅनाइटला जागा कोणी दिली?

नववीतला भूगोलाचा तास. सरांनी फळ्यावर जमिनीचा उभा छेद काढलेला आणि खाली लाल खडूने ग्रॅनाइटचा हा एवढा गोळा. आपल्या माण तालुक्यात जिकडे बघाल तिकडे काळा दगड, ग्रॅनाइट आम्ही फक्त पाहुण्यांच्या किचन ओट्यावर बघितलेला, आणि तो काळा असेल तर बहुतेक वेळा खरा ग्रॅनाइट नसतोच हेही सरांनीच सांगितलेलं. मी उठून विचारलं, सर, एवढा मोठा दगड आत घुसला तर आधी तिथं जे होतं ते कुठं गेलं? वर्ग हसला. सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, प्रश्न बरोबर आहे, मला उत्तर येत नाही, तुला सापडलं तर येऊन सांग.

मी पुढे कॉम्प्युटरला गेलो आणि नोकरीने उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला आलो. इथून तासाभरावर मोर्न डोंगर आहेत, सगळे ग्रॅनाइटचे, सगळ्यात उंच स्लीव्ह डोनार्ड साडेआठशे मीटर. पहिल्यांदा चढलो तेव्हा तो करडा, खरबरीत, चमचमणारा दगड हाताला लागला आणि सरांचा लाल खडूच आठवला.

मग वाचत गेलो. साधारण ५.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा ग्रॅनाइट, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा कोटभर वर्षांनी लहान. तेव्हा ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांपासून दूर जायला लागलेले, मधे अटलांटिक उघडत होता आणि इथलं पृथ्वीचं कवच ताणलं जात होतं. कवच ताणून पातळ झालं की त्याखालचा तापलेला खडकाचा थर, म्हणजे मँटल, वर सरकतो, वरचा दाब कमी होतो आणि नुसत्या दाब कमी होण्यानेच तो थोडा वितळतो. त्यातून बेसॉल्टचा, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाचा, रस तयार होतो. काही रस भेगांतून वर येतो, किनाऱ्यावर जुन्या शेलमधून (चिखल दाबून बनलेल्या थराथरांच्या खडकातून) गेलेल्या त्याच्या काळ्या भिंती दिसतात, आपल्याकडे डाइक असतात तशाच. उरलेला कवचातच साचतो, हळूहळू थंड होताना जड खनिजं खाली बसतात, आजूबाजूचा खडकही थोडा वितळून मिसळतो, आणि शेवटी सिलिका भरपूर असलेला हलका, चिकट रस उरतो. तोच ग्रॅनाइट.

आता जागेचं. १९२८ मध्ये रिची नावाच्या भूवैज्ञानिकाने मांडलं की शेलचा मोठा ठोकळा गोल भेगेवरून तुटून खाली बुडाला आणि वर रिकाम्या झालेल्या जागेत रस शिरला, असं एकदा नाही, पाच वेळा, म्हणून इथे ग्रॅनाइटचे पाच प्रकार. वाचून मी खुर्चीतून उठलोच, म्हणजे आधीचं खाली गेलं होतं! पण अलीकडे काहींनी दगडातल्या खनिजांच्या चुंबकीय रचनेवरून रस कुठून कुठे वाहिला ते मोजलं, आणि त्यांचं म्हणणं की तो बाजूने शिरला आणि शेलचं छप्पर त्याने वर उचललं. ते छप्पर काही ठिकाणी अजून शिल्लक आहे. मला स्वतःला हे जास्त पटतं, पण बुडालेल्या ठोकळ्याचा मोह काही सुटत नाही.

शाळेच्या महोत्सवाला मी येतोय. सरही येणार आहेत असं कळलं. कोणीतरी हॉलमध्ये एक फळा आणि लाल खडू ठेवा प्लीज, दोन्ही आकृत्या काढून दाखवायच्यात आणि सरांना कुठली पटते ते विचारायचंय.