तुम्ही विचारलंत म्हणून: चहा पाण्यात धरायचा का?

लिफ्टमध्ये, ठाणे स्टेशनच्या पुलावर, हळदीकुंकवाला, माझ्या हातातली ती मोठी बाटली दिसली की कोणी ना कोणी विचारतंच, "दिवसाचं पाणी पूर्ण करायचं म्हणतात ना, मग त्यात चहा धरायचा का गं? आणि ताक? शहाळं?" दरवेळी लिफ्ट थांबेपर्यंत जेवढं सांगून होतं तेवढं सांगते आणि घरात शिरल्यावर लक्षात येतं की मुख्य गोष्ट राहिलीच. म्हणून आज एकदा सगळं लिहून काढते.

तर हो, चहा धरायचा. ताक, दूध, सरबत, सार, पेज, सगळं धरायचं. हे मी शिकले ते आमच्या आण्णांमुळे, म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळे.

आण्णांचं हार्ट कमजोर झालं होतं, अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे. डॉक्टरांनी सांगितलं दिवसाला दीड लिटर, त्याच्या वर नाही. आम्ही घरी येऊन काय केलं, तर दीड लिटर पाणी मोजून द्यायला लागलो, आणि वर तीन वेळा चहा, दुपारी ताक, रात्री कपभर दूध, जेवताना आमटीच्या दोन वाट्या. आम्हाला खरंच वाटत होतं की आपण सांगितल्याप्रमाणे करतोय. आठ दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, रात्री आडवं पडलं की धाप लागायची, उशांवर उशा रचून बसून झोपायचे ते. परत नेलं तेव्हा तिथल्या सिस्टरने शांतपणे एवढंच विचारलं, "ताक कशात धरलंत?"

मग त्यांनीच युक्ती सांगितली. सकाळी दीड लिटरची बाटली पाण्याने भरून ओट्यावर ठेवायची. पेशंटने काहीही पातळ घेतलं, चहा, ताक, गोळीबरोबरचा घोट, काहीही, की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचा कोटा संपला. आम्ही ते पाणी तुळशीला घालायचो. त्या रविवारी मी केक मोजायचा प्लास्टिकचा मग घेऊन घरातली सगळी भांडी मोजली. फुलपात्रं १८० मिली, आण्णांचा चहाचा कप १२०, आमटीची वाटी काठोकाठ १५०, तांब्या ८००. सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. तोपर्यंत "एक ग्लास" म्हणजे किती हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तुमच्याही घरात नसणार, एकदा मोजून बघा.

उन्हाळ्यात फार जड जायचं. संध्याकाळी सात वाजता बाटली तळाला आणि रात्रीच्या गोळ्या अजून बाकी. आण्णा काही बोलायचे नाहीत, नुसते बाटलीकडे बघायचे. मग चघळायला बर्फाचा छोटा खडा द्यायचा नाहीतर लिंबाची फोड, आणि बर्फही मोजायचा कारण तोही पाणीच. कलिंगडाच्या फोडीसुद्धा जपून द्यायचो. त्या वर्षी मला नीट कळलं की शरीर ग्लासावरचं नाव वाचत नाही, आत किती पाणी गेलं एवढंच त्याला समजतं. ज्याचं पाणी तोडलंय त्याला जर चहा मोजावा लागतो तर ज्याला पाणी वाढवायचंय त्याचाही चहा मोजला गेलाच पाहिजे ना? साधा हिशोब आहे.

आणि ज्याला वाढवायचं होतं ती त्याच घरात होती, म्हणजे मी.

मी कोपरीला राहते, नोकरी तुर्भ्याला, रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल. तेव्हाच्या ऑफिसात बायकांसाठी एकच टॉयलेट, तेही खालच्या मजल्यावर गोडाऊनच्या मागे, कडी तुटलेली, जायचं तर सोबत एकीला दाराशी उभं करायचं. म्हणून आम्ही सगळ्याच जणी पाणी प्यायचोच नाही. सकाळी घरून निघताना चहा, दुपारी डब्याबरोबर दोन घोट, मग थेट घरी आल्यावर घटाघटा. वर्षानुवर्षं असंच. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी लागायची, जळजळ व्हायची, धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि पुढे चालू. मग एका रात्री कमरेतून जी कळ उठली ती पुढे जांघेपर्यंत गेली, मी बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले, उठवेना. सोनोग्राफीत सहा मिलिमीटरचा खडा.

युरोलॉजिस्टने मला किती प्यायचं ते सांगितलंच नाही. म्हणाले, दिवसाला लघवी अडीच लिटर झाली पाहिजे, त्यासाठी जेवढं प्यावं लागेल तेवढं प्या, उन्हाळ्यात ते जास्त असेल, पावसाळ्यात कमी. मला हे फार पटलं, कारण आपल्याकडे मेमध्ये घाम नुसता वाहतो, हवा इतकी दमट की तो वाळतच नाही, कपडे भिजतात पण अंग थंड होत नाही. खारघरच्या मैदानावर एप्रिल २०२३ मध्ये कार्यक्रमाला आलेले १४ जण उष्माघाताने गेले, ते कोणी विसरलं नसेल. अशा हवेत बारा महिने एकच आकडा धरून कसं चालेल?

तर मग त्या काळात आमच्या ओट्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी असायच्या. आण्णांची दीड लिटरची, दिवसभर ओतून रिकामी करायची, आणि माझी, दिवसातून दोनदा पिऊन रिकामी करायची. एकाच घरात एकाला कमी हवं, एकीला जास्त. म्हणून "सगळ्यांनी आठ ग्लास" असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

हे आठ ग्लास कुठून आले तेही मी तेव्हा शोधून वाचलं होतं. १९४५ मध्ये अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं, आणि लगेच पुढे असंही लिहिलं की यातलं बरंचसं तयार अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य लोक विसरले, आकडा राहिला. २००२ मध्ये हाइन्झ व्हॅल्टिन नावाच्या किडनीच्या अभ्यासकाने आठ ग्लासांना शास्त्रीय आधार काय म्हणून सगळं धुंडाळलं तर निरोगी माणसासाठी असा काही पुरावा त्यांना सापडला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये बायकांसाठी दोन आणि पुरुषांसाठी अडीच लिटर सांगितलं, पण ते जेवणातलं पाणी धरून. जेवणातलं म्हणजे काय, तर काकडी ९५ टक्के पाणी, कलिंगड नव्वदच्या वर, शिजलेला भात सुद्धा दोनतृतीयांशाच्या आसपास. वरण-भात, ताक, कोशिंबीर असं जेवणाऱ्याने आणि ब्रेड-बिस्किटावर दिवस काढणाऱ्याने सारखंच पाणी प्यावं असं कसं होईल?

आता चहाबद्दल सगळ्यांची शंका एकच, चहाने लघवी जास्त होते मग पाणी उलट कमी होत नाही का. कॅफिनने थोडी होते, पण जेवढं पाणी आत जातं त्यातलं बहुतेक राहतंच, आणि रोज पिणाऱ्याच्या शरीराला त्याची सवयही होते. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये मॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी पेयं एक-एक लिटर पाजली आणि पुढचे काही तास लघवी मोजली. चहा, कॉफी, कोला यांचा फरक साध्या पाण्यापेक्षा जवळपास काही नव्हता. दूध आणि ओआरएस मात्र पाण्यापेक्षाही जास्त वेळ अंगात टिकले, कारण त्यात क्षार असतात आणि दूध पोटातून हळूहळू पुढे सरकतं. तेव्हा रात्रीचं कपभर दूध बिनधास्त धरा. बिअरही त्या यादीत होती आणि पाण्याच्या जवळपासच होती, हे माझा भाचा मला दर होळीला ऐकवतो, पण दारूने लघवी रोखून धरणारं हॉर्मोन दबतं आणि जेवढी दारू कडक तेवढं जास्त, मी ती धरत नाही आणि कोणाला धरू देणार नाही.

पण धरायचा म्हणजे कितीही प्यायचा असं मी म्हणतच नाहीये. माझी काळजी चहातल्या पाण्याची नाहीच, साखरेची आहे. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर फक्त चहातून, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते शक्यतो २५ च्या आत ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत कॅफिन दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत आणि चहा-कॉफी जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर नको असं सांगितलंय, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आपल्या ओळखीत किती जणींचं हिमोग्लोबिन कमी आहे ते आठवा आणि डब्यानंतर लगेच टपरीवर जाणं बंद करा, एवढं ऐकाच माझं.

बाकीचं पटकन सांगते. ताक उत्तम, पातळ आणि मीठ बेताचं, मुतखडावाल्यांनी आणि बीपीवाल्यांनी तर मीठ नकोच. लिंबूपाणी मला डॉक्टरांनी आवर्जून प्यायला सांगितलं कारण लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही, पण बिनसाखरेचं. कोकम सरबत घरचं, साखर बघून. शहाळं चांगलं, मात्र त्यात पोटॅशियम भरपूर, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उसाचा रस आणि कोल्ड्रिंक, पाणी म्हणून मोजले जातील पण एका ग्लासात तीस ग्रॅमच्या आसपास साखर, रोजची तहान त्याने भागवू नका. आणि स्टेशनबाहेर काहीही पिताना बर्फ नको म्हणा, तो कुठल्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं.

ओआरएस जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हात भयंकर घाम गेला तर, रोज नाही. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, एक लिटरचं पाकीट एका ग्लासात कधीच कालवू नका. आणि मेडिकलमध्ये शेल्फवर जे गोड पेयांचे टेट्रापॅक असतात ते ओआरएस समजून लेकराला पाजू नका, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी घातली ती उगाच नाही.

अजून एक. मोबाईलवर पाण्याचं टार्गेट लावून बसणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने रात्री दहाला बघितलं की दीड लिटर बाकी आहे, आणि एका दमात प्यायली. डोकं दुखायला लागलं, उलटी झाली. किडनी तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकते, त्याहून जास्त भराभर ओतलं की रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते जिवावर बेतू शकतं. राहिलं तर राहिलं. उद्या सकाळपासून घोट घोट सुरू करा. लघवीचा रंग बघा, फिकट पेंढ्यासारखा असेल तर ठीक चाललंय, गडद पिवळा असेल तर कमी पडतंय. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना वेळेवर हातात भांडं द्या, त्यांना तहान लागल्याचं उशिरा कळतं. आणि हार्ट किंवा किडनीचा पेशंट असेल तर माझं यातलं काहीही ऐकू नका, तुमच्या डॉक्टरांनी दिलेला आकडा आणि आमची बाटलीची युक्ती, बस.

परवा आमच्याच मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, लेक सातवीत आहे, सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत आणते, पाण्यात ग्लुकोज घालून देऊ का, लिंबू पिळून देऊ का, म्हणजे तरी पिईल. मी म्हटलं, वहिनी, पाण्यात काही घालू नका. आधी तिला जवळ घेऊन विचारा, शाळेतल्या बाथरूमला कडी लागते का.