सबवूफर भिंतीपलीकडे बसलाय: 80 हर्ट्झच्या खड्ड्याचा छडा लागला

मंडळी, खड्डा भरला. (म्हणजे माझ्या स्पीकर-सबवूफरच्या जोडणीत 80 हर्ट्झजवळचे सूर गायब व्हायचे, तो.) मागच्या नोंदीखाली ज्यांनी ज्यांनी "सोफा सरकव" असं लिहिलं होतं त्यांचे आभार, पण सोफा निर्दोष होता. खोलीही निर्दोष होती. गुन्हेगार मी टेपने मोजत असलेल्या अंतरात नव्हताच, तो मधल्या बिनतारी जोडणीत लपला होता.

नव्यांसाठी एवढंच: खोली 4.3 बाय 3.4 मीटर, उंची 2.9. सीलबंद बुकशेल्फ स्पीकरची जोडी, 12 इंची सीलबंद सबवूफर (सब, खालच्या सुरांचा स्पीकर), मध्ये मिनीडीएसपी (आवाजावर अंकीय प्रक्रिया करणारी डबी), 80 हर्ट्झला लिंकविट्झ-रायली 24 डीबीचा क्रॉसओव्हर (त्याखालचे सूर सबकडे, वरचे स्पीकरकडे वाटणारा फिल्टर). सब उजव्या भिंतीशी, मध्ये दरवाजा येतो म्हणून त्याला सिग्नल वायरलेस किटवरून. बसायची जागा मागच्या भिंतीपासून 1.6 मीटरवर. आणि बरोबर 79 हर्ट्झला असा खड्डा, की आलेख तिथे तळालाच जायचा.

कानाला हे कसं लागायचं ते सांगते. बास गिटारवर खालच्या ई-पासून (41 हर्ट्झ) सूर चढत निघाले की सगळं छान दणदणीत, आणि त्याच्या वरच्या सप्तकातल्या ई-शी (82 हर्ट्झ) पोचताना वादक जणू खोलीबाहेर जाऊन परत यायचा. डग्ग्याची मींडही मध्येच विरायची. एकदा हे ऐकू आलं की मग गाणं ऐकणं संपतं, खड्डाच ऐकू येतो.

पहिला संशय खोलीवर गेला, आणि तो साहजिक होता. 343 भागिले 4.3 म्हणजे 79.8. लांबीचा दुसरा मोड (खोलीच्या मापामुळे घुमणारी कंप्रता) नेमका तिथेच बसतो! आकडा इतका चपखल जुळल्यावर कोण पुढे बघणार? पण त्या मोडचे नल (आवाज जवळजवळ शून्य होणाऱ्या जागा) भिंतींपासून पाव लांबीवर, म्हणजे 1.08 मीटरवर असतात, आणि माझं डोकं त्यापासून अर्ध्या मीटरने पुढे आहे. माइक पुढेमागे सरकवला तर खड्डा थोडा उथळ-खोल व्हायचा, पण 79 सोडायला तयार नव्हता.

दुसरा संशय समोरच्या भिंतीवर. स्पीकरचा बॅफल (पुढची फळी) भिंतीपासून 60 सेंटिमीटरवर आहे. पाव तरंगलांबीच्या हिशेबाने परतून आलेला आवाज 143 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो. तिथे एक छोटी घळ दिसतेही, आणि मागे लावलेल्या 10 सेंटिमीटर रॉकवूलने, भिंतीपासून तेवढीच पोकळी सोडल्यावर, ती बरीच निवळली आहे. (पातळ फोमचे तुकडे "बास ट्रॅप" म्हणून विकणाऱ्यांना एकदा पाव तरंगलांबी विचारा. 80 हर्ट्झला ती एक मीटरहून जास्त भरते.) पण 143 म्हणजे 79 नव्हे.

मग नेहमीचा उपाय: सब एकटा मोजायचा, स्पीकर एकटे मोजायचे, मग दोन्ही मिळून. सब एकटा, 79ला काही नाही. स्पीकर एकटे, तिथेही काही नाही, क्रॉसओव्हरचा उतार तेवढा दिसतो. दोघे एकत्र आले की खड्डा. म्हणजे एकेकटे दोघेही सज्जन, भांडण फक्त एकत्र आल्यावर. इथे खोली सुटली आणि प्रश्न वेळेवर आला.

वेळ म्हटली की आपण सगळे टेप काढतो. सब कानापासून 1.7 मीटर, स्पीकर 2.3 मीटर. सब 60 सेंटिमीटर जवळ, म्हणजे त्याला पावणेदोन मिलिसेकंद थांबवायचं. हा डिले (मुद्दाम दिलेला उशीर) कधीचाच घातलेला होता. सबची पोलॅरिटी (अधिक-उणे दिशा) उलटी करून बघितली: 79चा खड्डा गायब, पण 53ला आणि 105ला दोन नवे, 105चा जास्त खोल. डिले काढून टाकला, पोलॅरिटी सरळ केली, तर तोच खड्डा 87वर जाऊन बसला. सबवरच्या फेजच्या (लहरीचा टप्पा बदलणाऱ्या) बटणाने तो आणखी थोडा इकडेतिकडे पळायचा. भरायचा मात्र नाही.

हा पळणारा खड्डाच खरा पुरावा होता. दोन आवाजांत थोडाच उशीर असेल तर क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात एकच जागा बिघडते आणि पोलॅरिटी किंवा फेजने ती बरीचशी सावरते. पण पोलॅरिटी उलटवल्यावर खड्डे 79वरून 53 आणि 105वर जातात, म्हणजे दोन स्थितींतल्या खड्ड्यांमध्ये 26 हर्ट्झचं अंतर. अर्ध्या आवर्तनाचा हा फरक आहे. 1 भागिले दोनदा 26 करा: 19 मिलिसेकंद! आणि टेप म्हणते पावणेदोन. कागदावर हा आकडा बघून मी आधी गुणाकारच परत केला.

खात्री करायला रूम ईक्यू विझार्डमध्ये (मोजमापाचं सॉफ्टवेअर) अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू केला. युएसबी माइकवाल्यांनी हे नीट लक्षात घ्या. असा माइक वापरताना संदर्भ दिला नाही तर प्रत्येक स्वीपची (खालून वर चढत जाणाऱ्या चाचणी-सुराची) शून्य वेळ त्या स्वीपपुरतीच ठरते. सब एकटा मोजला, स्पीकर एकटे मोजले, तर कोण आधी आलं आणि कोण नंतर ही माहिती दोन्ही मोजमापांत नसतेच. आलेखाची उंची बरोबर, वेळ बेपत्ता. टायमिंग रेफरन्स चालू असला की स्वीपआधी ठरवलेल्या स्पीकरमधून एक छोटी चिवचिव वाजते आणि सगळी मोजमापं तिच्याशी बांधली जातात. मी डावा स्पीकर संदर्भ ठेवला.

सबचा इम्पल्स (एका ठोक्याला मिळणारा प्रतिसाद) पसरट टेकडीसारखा असतो, त्याचं शिखर धरून वेळ काढण्यात अर्थ नाही. म्हणून विझार्डमधल्या अलाइनमेंट टूलमध्ये दोन्ही मोजमापं टाकून क्रॉसओव्हरच्या आसपासची फेज जुळवली. उत्तर आलं: टेपचा डिले काढल्यावरही सब 17.3 मिलिसेकंद उशिरा येतोय. आवाजाच्या वेगाने ते अंतर होतं 5.9 मीटर. स्पीकर 2.3 मीटरवर, म्हणजे सब कानापासून 8.2 मीटरवर बसल्यासारखा वागतोय, 4.3 मीटरच्या खोलीत. भिंत फोडून पलीकडे!

हा सगळा उशीर वायरलेस किटचा. आवाज अंकांत बदलायचा, पाकिटं करून धाडायची, पलीकडे जमा करून परत आवाज करायचा, यात वेळ जातोच. किटच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नाही, रेंज मात्र ठळक छापलेली. केबल टाकून तोच सब मोजला तेव्हा उशीर जवळजवळ नाहीसा झाला, त्यामुळे शंका उरली नाही. ज्यांच्या एव्ही रिसीव्हरच्या ऑटो कॅलिब्रेशनने सबचं अंतर टेपपेक्षा कितीतरी जास्त दाखवलं आहे त्यांनी ते "दुरुस्त" करायला जाऊ नये. तो आकडा अंतराचा नसतो, सबच्या आतल्या सगळ्या प्रक्रियेचा उशीर मीटरमध्ये मांडलेला असतो.

आता उपाय. उशिरा येणाऱ्याला लवकर आणता येत नाही, म्हणून लवकर येणाऱ्यांना थांबवायचं. सबचा डिले शून्य, दोन्ही स्पीकरना 17.3 मिलिसेकंद. मग माझी आवडती चाचणी: सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करून 80ला जास्तीत जास्त खोल खड्डा शोधायचा. जुळवणी जितकी नेमकी तितका तो खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा. 17.3ला तो जरा एका बाजूला कलला होता, 17.6ला सरळ खाली कोसळला. तिथे थांबून पोलॅरिटी सरळ केली, स्वीप मारला, आणि 79ची जागा आजूबाजूच्या रेषेत गेली. डग्गा आता पूर्ण मींड वाजवतो. मी ती मींड परत परत लावून ऐकली, घरच्यांनी मग दार लावून घेतलं.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहिते, कारण खाली कुणीतरी विचारेलच: ईक्यूने (ठरावीक सूर वाढवणाऱ्या-कापणाऱ्या फिल्टरने) का नाही भरला? कारण खड्डा म्हणजे दोन आवाज एकमेकांना मारतायत. 10 डीबी वाढवा, दोघेही वाढतात, मारामारी तीच, वर दहापट पॉवर आणि स्पीकरच्या पडद्याची दमछाक. ईक्यू शिखरं कापायला. 40 हर्ट्झचा घुमारा (लांबीचा पहिला मोड) मी एका अरुंद फिल्टरने 7 डीबी कापलाय आणि तिथला रेंगाळही वॉटरफॉलमध्ये (आवाज विरत जाण्याच्या आलेखात) आखूड झालाय. कापणं आणि भरणं यांत हा फरक आहे.

ॲम्पबद्दल थोडक्यात. ट्वीटरमधली सूं-सूं गेली. डीएसपीचा आउटपुट 2 व्होल्ट आहे. 8 ओहमला 100 वॉटसाठी 28.3 व्होल्ट लागतात, म्हणजे 14 पट, 23 डीबी गेन (ॲम्पने केलेली वाढ) पुरतो. जुना ॲम्प 32चा होता. नव्या टीपीए 3255 चिपवाल्यात जंपरने 23 निवडता येतो. डीएसपीमध्ये आवाज कमी करून वर ॲम्पने तो फुगवण्याला काही अर्थ नव्हता. वर्ग डी की वर्ग एबी (ॲम्पचे दोन प्रकार) या वादात मी पडत नाही. फिल्टरनंतरचा फीडबॅक असलेला डिझाइन घ्या म्हणजे स्पीकरच्या इंपीडन्सप्रमाणे वरचा टोकाचा आवाज बदलत नाही, बाकी पैसे सबवर घाला.

आता पुढचं. ठरलं होतं असं: वायरलेस किट उखडायचं, दरवाज्याच्या चौकटीवरून बॅलन्स्ड केबल न्यायची, आणि दुसरा सब पोर्टेड (पेटीला हवेची नळी असलेला) बांधायचा, 22 हर्ट्झला ट्यून करून. पण हे लिहिताना सगळं फिरलं. स्पीकर एकदा 17.6वर थांबलेले आहेतच, तर किटचा उशीर आता कुणाला नडतोय? नुसतं गाणं ऐकताना नाही. सिनेमात 24 फ्रेमच्या हिशेबाने अर्ध्या फ्रेमहून कमी. (याच सिस्टिमवर कीबोर्ड वाजवायचा असेल तर बोटांना जाणवेल, माझा तो प्रश्न नाही.) आणि एकाच ट्रान्समीटरवर दुसरा रिसीव्हर जोडता येतो, म्हणजे दोन्ही सब सारखेच उशिरा येतील. केबलपेक्षा हे सोपं. किट बंद-चालू करून परत मोजलं, उशीर जागेवरून हलला नाही.

मग सब कुठे? टॉड वेल्टी या संशोधकाने 2002 साली हार्मन या ऑडिओ कंपनीतून मांडलेली गोष्ट: समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब. पुढच्या-मागच्या भिंतींची जोडी मला जमत नाही, मागे दरवाजा. पण डाव्या-उजव्या भिंती मोकळ्या आहेत! दोन्ही सब मध्यावर सारखेच वाजले तर रुंदीचा 50 हर्ट्झचा पहिला मोड छेडला जात नाही, आणि मध्य म्हणजे लांबीच्या पहिल्या मोडचा नल, तेव्हा 40चा घुमाराही आपोआप मऊ होईल. कदाचित तो 7 डीबीचा फिल्टर काढताही येईल. आत्ताचा सब मध्यापासून 35 सेंटिमीटर पुढे आहे, त्याला नुसतं मागे ढकलायचंय. तो कानाला सुमारे 16 सेंटिमीटर जवळ येईल, म्हणजे स्पीकरचा डिले 17.6वरून 17.1.

आणि त्यामुळे पोर्टेडचा बेत रद्द. पोर्टच्या ट्यूनिंगजवळ फेज वळते, सीलबंद जोडीदाराबरोबर तिची जुळवणी करत बसायची नाही. हॉफमनचा लोहनियम आहेच: छोटी पेटी, खोल बास, जास्त सेन्सिटिव्हिटी, यातली दोनच मिळतात. मी छोटी पेटी आणि खोल बास घेते, पॉवर ॲम्पकडून काढते. तोच ड्रायव्हर, तीच पेटी, जुळा भाऊ.

उजवा सब आज संध्याकाळी सरकवते आणि 40चा आलेख टाकते. तोपर्यंत, एका ट्रान्समीटरवर दोन रिसीव्हर लावून दोघांचे उशीर वेगवेगळे मोजलेत का कुणी? अर्ध्या मिलिसेकंदाचाही फरक दिसला असेल तर प्लायवूड कापायच्या आधी सांगा.